प्रवेशापासून पदवीपर्यंत : अमेरिकेतील एका प्रादेशिक विद्यापीठाचा अनुभव

उच्च शिक्षण हे सामाजिक परिवर्तनाचे प्रभावी साधन मानले जाते. परंतु विद्यापीठाचे दार उघडणे आणि त्या दारातून आत आलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वंचित समाजघटकांच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतांशी पहिल्या गोष्टीपाशी, म्हणजे प्रवेशापाशी थांबते. प्रवेशानंतर त्या विद्यार्थ्याचे काय होते, पहिल्या वर्षी तो का गळतो, त्याला कोणता आधार मिळाला असता तर तो टिकला असता, या प्रश्नांचा विचार त्या मानाने कमी होतो.

अमेरिकेतील हिस्पॅनिक समाजाच्या उच्च शिक्षणाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रस्तुत लेखात टेक्सास राज्यातील एल पासो येथील विद्यापीठाच्या उदाहरणावरून हा विषय समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. सीमेवरच्या एका शहरातील, आपल्या परिसरातील मुलांना शिकवणारे हे विद्यापीठ निवडक विद्यार्थ्यांपुरते मर्यादित न राहता संशोधनातही अग्रस्थानी कसे पोहोचले आणि २०२३ नंतरच्या कायदेशीर घडामोडींमुळे या प्रयत्नांपुढे कोणते प्रश्न उभे राहिले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

हिस्पॅनिक समाज : संज्ञा आणि पार्श्वभूमी

'हिस्पॅनिक' ही संज्ञा वंशवाचक नाही. मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्युबा, मध्य व दक्षिण अमेरिका किंवा स्पेन यांच्याशी कुळाचे वा संस्कृतीचे नाते असलेल्या व्यक्तींसाठी ती वापरली जाते. अशी व्यक्ती गौरवर्णीय, कृष्णवर्णीय, मूलनिवासी किंवा मिश्र वंशाची असू शकते. या समाजाची स्वतंत्र आकडेवारी गोळा करण्याविषयीचा कायदा अमेरिकी काँग्रेसने १९७६ मध्ये केला. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेच्या सुमारे ३३ कोटी १४ लाख लोकसंख्येपैकी ६ कोटी २१ लाख, म्हणजे १८.७ टक्के लोक हिस्पॅनिक होते. २०१० मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते.

हा सर्व समाज स्थलांतरितांचा आहे, ही समजूत बरोबर नाही. १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहानुसार मेक्सिकोचा फार मोठा भूभाग अमेरिकेकडे आला आणि टेक्सासची सीमा रिओ ग्रांदे नदीपर्यंत निश्चित झाली. त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबे आपले गाव न सोडताच दुसऱ्या देशाची रहिवासी झाली. पुढे शेती, खाणी आणि रेल्वे यांच्यासाठी मेक्सिकोतून मजूर येत राहिले. या कुटुंबांच्या मुलांना अनेक ठिकाणी वेगळ्या आणि दुय्यम दर्जाच्या शाळांत बसवले जात असे. कॅलिफोर्नियातील मेंडेझ विरुद्ध वेस्टमिन्स्टर या खटल्यात १९४७ मध्ये अपील न्यायालयाने अशा विभक्तीकरणाविरुद्ध निकाल दिला. १९५४ च्या सुप्रसिद्ध ब्राऊन खटल्याच्या निकालाच्या सात वर्षे आधीची ही घटना आहे.

कायद्याने भिंती पाडल्या, तरी आर्थिक दरी कायम राहिली. अमेरिकेत शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणावर स्थानिक मालमत्ता करातून भागवला जातो. त्यामुळे गरीब वस्तीतील शाळाही गरीबच राहते. सॅन अँटोनियो शहरातील मेक्सिकन-अमेरिकन पालकांनी या व्यवस्थेला आव्हान दिले होते. परंतु १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉड्रिगेझ खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने त्यांच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण हा अमेरिकेच्या संघीय संविधानाने हमी दिलेला मूलभूत हक्क नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. भारतात २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क द्वारे ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. दोन्ही देशांच्या व्यवस्थांतील हा फरक अभ्यासकांनी अवश्य लक्षात ठेवावा. विद्यापीठात येणारा हिस्पॅनिक विद्यार्थी अनेकदा अशाच साधनहीन शाळेतून येतो आणि त्याच्या अडचणींचे मूळ बऱ्याच अंशी तेथे असते.

कायद्याचा आधार : १९६५ ते १९९८

अमेरिकेच्या उच्च शिक्षण धोरणाचा पाया १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने घातला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ८ नोव्हेंबर १९६५ रोजी या कायद्यावर स्वाक्षरी केली, ती राजधानीत नव्हे, तर टेक्सासमधील सॅन मार्कोस येथे, ते स्वतः जेथे शिकले त्या लहानशा महाविद्यालयात. विद्यार्थिदशेत असताना १९२८-२९ मध्ये त्यांनी कोटुला या गावी मेक्सिकन-अमेरिकन मुलांच्या शाळेत शिक्षक म्हणून काम केले होते. त्या मुलांचे दारिद्र्य आणि त्यांच्यापुढे बंद असलेली महाविद्यालयाची दारे यांची आठवण त्यांनी या समारंभात सांगितली होती.

याच काळात वंचित विद्यार्थ्यांसाठी तीन संघीय कार्यक्रम सुरू झाले. शालेय विद्यार्थ्यांना महाविद्यालयासाठी तयार करणारा 'अपवर्ड बाउंड' (१९६४), होतकरू विद्यार्थी शोधणारा 'टॅलेंट सर्च' (१९६५) आणि महाविद्यालयात आल्यानंतर आधार देणारा 'स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस' (१९६८) हे ते तीन कार्यक्रम होत. त्यावरून या कार्यक्रमांच्या समूहाला 'ट्रायो' हे नाव पडले. पुढे त्यात आणखी कार्यक्रमांची भर पडली, पण नाव तेच राहिले. १९७२ मध्ये गरजू विद्यार्थ्यांसाठी थेट अनुदानाची तरतूद झाली. १९८० पासून ती सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने 'पेल ग्रँट' म्हणून ओळखली जाते. हे कर्ज नसल्यामुळे सर्वसाधारणपणे त्याची परतफेड करावी लागत नाही.

या साऱ्या योजना विद्यार्थ्याला मदत करणाऱ्या होत्या. परंतु ज्या संस्थांमध्ये असे विद्यार्थी मोठ्या संख्येने एकवटतात, त्या संस्थांचे काय? त्यांच्याकडे ना श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, ना मोठा राखीव निधी. हा प्रश्न घेऊन १९८६ मध्ये सॅन अँटोनियो येथे हिस्पॅनिक महाविद्यालये व विद्यापीठांची संघटना स्थापन झाली. तिच्या पाठपुराव्यामुळे १९९२ मध्ये 'हिस्पॅनिक-सेवी संस्था' या प्रकाराला उच्च शिक्षण कायद्यात मान्यता मिळाली आणि १९९८ मध्ये याच कायद्याच्या पाचव्या प्रकरणात त्यांच्यासाठी स्वतंत्र अनुदान कार्यक्रम आला. ज्या ना-नफा संस्थेतील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी, पूर्णवेळ तुल्य पटसंख्येच्या हिशेबाने, किमान २५ टक्के विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत, जेथे गरजू विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे आहे आणि जेथे प्रतिविद्यार्थी खर्च तुलनेने कमी आहे, अशी संस्था अनुदानासाठी अर्ज करण्यास पात्र ठरत असे.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. हे आरक्षण नव्हते. कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या समाजाच्या आधारे जागा दिली जात नव्हती. मदत संस्थेला मिळत होती आणि त्यातून उभी राहिलेली प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिकवणी केंद्र किंवा समुपदेशन कक्ष त्या संस्थेतील प्रत्येक विद्यार्थ्याला खुला असे. २०२० नंतरच्या वर्षांत अशा संस्थांची संख्या सुमारे ६०० वर पोहोचली होती आणि देशातील हिस्पॅनिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश विद्यार्थी त्यांच्यातच शिकत होते.

एल पासो : सीमेवरचे विद्यापीठ

एल पासो हे टेक्सासच्या पश्चिम टोकाचे, सुमारे पावणेसात लाख वस्तीचे शहर आहे. नदीपलीकडे मेक्सिकोचे स्यूदाद हुआरेस हे शहर आहे. दोन्ही शहरांत नातीगोती, बाजारहाट आणि रोजगार यांचे दाट संबंध आहेत. येथे १९१४ मध्ये खाणकाम व धातुशास्त्र शिकवणारे सरकारी विद्यालय सुरू झाले, तेव्हा त्यात २७ विद्यार्थी होते. १९४९ मध्ये ते 'टेक्सास वेस्टर्न कॉलेज' झाले आणि १९६७ मध्ये त्याला 'एल पासो येथील टेक्सास विद्यापीठ' हे आजचे नाव मिळाले.

या विद्यापीठाच्या इमारती भारतीय वाचकाला ओळखीच्या वाटतील, कारण त्या भूतानच्या वास्तुशैलीत बांधलेल्या आहेत. सिक्कीममधील ब्रिटिश राजकीय अधिकारी जॉन क्लॉड व्हाइट यांचा भूतानविषयीचा सचित्र लेख एप्रिल १९१४ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकात प्रसिद्ध झाला होता. विद्यालयाचे पहिले प्रमुख वॉरेल यांच्या पत्नी कॅथलीन यांनी तो वाचला आणि डोंगराळ परिसराला ही शैली शोभेल, असे सुचवले. १९१६ च्या आगीत मूळ विद्यालयाची इमारत जळाल्यानंतर १९१७ मध्ये नव्या जागी या शैलीतील पहिल्या वास्तू उभ्या राहिल्या.

बहुसांस्कृतिकतेचा वारसाही या संस्थेत जुना आहे. १९५५ मध्ये येथे कृष्णवर्णीय पदवीपूर्व विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू लागला. त्यासाठी थेल्मा व्हाइट या विद्यार्थिनीला न्यायालयात जावे लागले होते. १९६६ मध्ये याच महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी अंतिम सामना सुरू करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. आज विद्यापीठात सुमारे २५ हजार विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक हिस्पॅनिक असून बहुसंख्य विद्यार्थी एल पासो परिसरातीलच आहेत. त्यांच्यातील मोठा वर्ग आपल्या कुटुंबात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्यांचा आहे.

१९८८ ते २०१९ अशी ३१ वर्षे डायना नातालिसिओ या विद्यापीठाच्या अध्यक्षपदी होत्या. परिसरातील सर्व होतकरू मुलांना प्रवेश आणि शिक्षण-संशोधनाची उच्च गुणवत्ता ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी नाहीत, हे त्यांच्या धोरणाचे सूत्र होते. विद्यार्थी निवडून घेऊन गुणवत्ता दाखवणे सोपे असते. आलेल्या विद्यार्थ्यांना घेऊन ती घडवणे कठीण असते. त्यांच्या कार्यकाळाच्या अखेरीस हे विद्यापीठ अमेरिकेतील सर्वोच्च संशोधन श्रेणीत, म्हणजे 'आर-१' वर्गात गणले गेले. प्रवेशाचे निकष फारसे कडक न करता हा टप्पा गाठला गेला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

यशाची साधने

विद्यापीठाने योजलेल्या उपायांचे पाच भाग करता येतील.

१) शाळेपासूनची साखळी : विद्यापीठात येणारे बहुसंख्य विद्यार्थी परिसरातील शाळांतून येतात आणि त्या शाळांतील अनेक शिक्षक याच विद्यापीठात घडलेले असतात. म्हणजे शाळेची उणीव ही एका अर्थी विद्यापीठाचीच उणीव ठरते. हे ओळखून १९९० च्या दशकाच्या प्रारंभी विद्यापीठ, एल पासो कम्युनिटी कॉलेज, परिसरातील शाळा-मंडळे आणि नागरी व व्यापारी संस्था यांनी मिळून एक सहयोगी उपक्रम उभारला. गणित व विज्ञान शिक्षकांचे प्रशिक्षण, अभ्यासक्रमाची सांगड आणि सर्व विद्यार्थ्यांकडून वरच्या पातळीची अपेक्षा ही त्याची अंगे होती. शालेय वयातच महाविद्यालयीन श्रेयांक मिळवण्याची सोय येथील शाळांत रुजली आणि त्यामुळे पदवीचा कालावधी व खर्च या दोहोंची बचत होऊ लागली. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून विद्यापीठात येणाऱ्यांचे श्रेयांक वाया जाऊ नयेत, याची व्यवस्था दोन्ही संस्थांनी केली.

२) शुल्काचा भार : गरीब कुटुंबाच्या दृष्टीने पहिला प्रश्न शुल्काचा असतो. पेल ग्रँट आणि राज्याची मदत यांत विद्यापीठाने स्वतःच्या निधीची भर घालून ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील टेक्सासवासी कुटुंबांच्या मुलांना शिक्षणशुल्क पूर्णतः माफ करणारी योजना आखली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सास विद्यापीठ प्रणालीच्या नियामक मंडळाने २०२५ च्या शरद सत्रापासून वार्षिक एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी शुल्कमाफीचा निर्णय घेतला. अशा योजनेत रकमेइतकेच महत्त्व तिच्या सोपेपणाला असते. अनेक कुटुंबे अर्जाच्या किचकटपणामुळे मदतीपासून दूर राहतात. 'या उत्पन्नाखाली शुल्क नाही' हे एक वाक्य मात्र कोणत्याही पालकाला समजते.

३) पहिले वर्ष : गळतीचा धोका पहिल्या वर्षी सर्वाधिक असतो. ज्याच्या घरात कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्याला विषय कसे निवडावेत, प्राध्यापकांना केव्हा भेटावे, एका विषयात नापास झाल्यास काय करावे, हे सांगणारे कोणी नसते. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात या विद्यापीठाने विज्ञान व अभियांत्रिकीच्या नवागतांसाठी अध्ययनगट सुरू केले. सत्रापूर्वीची ओळख, गणिताची उजळणी, एकाच गटाने दोन-तीन विषय एकत्र शिकणे आणि गटाला नेमून दिलेला सल्लागार, अशी ही पद्धत होती. बहुतेक विद्यार्थी घरून ये-जा करणारे असल्यामुळे वसतिगृहातून आपोआप निर्माण होणारे स्नेहसंबंध येथे वर्गातूनच निर्माण करावे लागले.

४) काम आणि शिक्षण यांची सांगड : घरखर्चाला हातभार लावणे ही येथील असंख्य विद्यार्थ्यांची अपरिहार्यता आहे. शहरातील दुकानात वा उपाहारगृहात दीर्घकाळ काम करणारा विद्यार्थी अभ्यासात मागे पडतो. म्हणून विद्यापीठाच्या आवारातच रोजगार देण्यावर, विशेषतः संशोधन प्रकल्पात सहायक म्हणून मानधन देण्यावर भर देण्यात आला. संशोधनासाठी मिळणारे अनुदान हे अशा रीतीने विद्यार्थ्याला टिकवण्याचेही साधन झाले. संशोधन आणि सामाजिक समावेशन यांचा संबंध येथे स्पष्ट दिसतो. संगणकशास्त्रात हिस्पॅनिक विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढवण्यासाठी २००६ मध्ये हिस्पॅनिक-सेवी संस्थांची जी आघाडी स्थापन झाली, तिचे नेतृत्व याच विद्यापीठाकडे होते. एक-दोन वर्षे पुढे असलेल्या विद्यार्थ्याने लहान गटाला प्रश्न सोडवण्यास मदत करावी, ही सहाध्यायी-नेतृत्वाची पद्धत या आघाडीने अनेक संस्थांत पोहोचवली.

५) भाषा आणि सीमा ही संपत्ती : घरात स्पॅनिश बोलणे ही उणीव मानली जाण्याचा काळ टेक्सासमध्ये दीर्घ होता. शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. या विद्यापीठाने दोन भाषा येणे ही क्षमता मानली. स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चालणारा सर्जनशील लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हे त्याचे ठळक उदाहरण आहे. राज्याच्या कायद्यातील तरतुदीनुसार आर्थिक गरज सिद्ध करणाऱ्या मेक्सिकन नागरिकांना येथे राज्यातील रहिवाशांच्या दराने शिकता येते. त्यामुळे हुआरेसमधून पूल ओलांडून रोज शिकायला येणारे विद्यार्थी हे येथील नेहमीचे दृश्य आहे.

यश मोजायचे कसे?

अमेरिकेत संस्थेची कामगिरी प्रामुख्याने सहा वर्षांच्या पदवी-पूर्णता दरावर जोखली जाते. पूर्णवेळ आणि प्रथमच प्रवेश घेतलेल्यांपैकी किती विद्यार्थ्यांनी त्याच संस्थेतून सहा वर्षांत पदवी मिळवली, हे त्यातून कळते. या मोजमापावर एल पासोचा दर राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहे, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

नातालिसिओ यांचा या मोजमापालाच आक्षेप होता. कम्युनिटी कॉलेजातून आलेले, एखादे सत्र थांबून पुन्हा परतलेले किंवा अंशवेळ शिकणारे विद्यार्थी या दरात धरलेच जात नाहीत. त्यांना पदवी मिळाली तरी संस्थेच्या खाती ते यश जमा होत नाही. शिवाय हा दर वाढवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्यांना पदवी मिळण्याची शक्यता कमी दिसते, त्यांना प्रवेशच नाकारणे. मोजमाप चुकीचे असेल, तर धोरणही चुकीच्या दिशेने जाते. संघीय शिक्षण विभागाने पुढे आठ वर्षांपर्यंतच्या आणि अंशवेळ व अन्यत्रून आलेल्या विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीची माहितीही गोळा करण्यास सुरुवात केली, ती याच प्रकारच्या आक्षेपांच्या पार्श्वभूमीवर.

तथापि या युक्तिवादालाही मर्यादा आहे. पदवी न मिळवता, प्रसंगी कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला मोजमापाच्या सदोषतेचा काहीच उपयोग नसतो. हिस्पॅनिक-सेवी संस्थांच्या बाबतीत अभ्यासकांनी मांडलेला मूलभूत प्रश्न हाच आहे. २५ टक्के पटसंख्या झाल्यामुळे एखादी संस्था कागदोपत्री 'सेवी' ठरते, पण ती त्या विद्यार्थ्यांची खरोखर सेवा करते काय? केवळ भौगोलिक स्थानामुळे ही संख्या गाठणाऱ्या आणि अध्यापनात कोणताही बदल न करणाऱ्या संस्थाही या यादीत होत्या.

२०२३ नंतरचे वळण

२९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशप्रक्रियेतील वंशाचा विचार घटनाबाह्य ठरवला. एल पासोसारख्या, अर्जदारांपैकी बहुतेकांना प्रवेश देणाऱ्या विद्यापीठावर या निकालाचा प्रत्यक्ष परिणाम अल्प होता. परंतु त्यानंतरच्या घटनांची साखळी महत्त्वाची आहे. टेक्सास विधिमंडळाने २०२३ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२४ पासून राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांतील विविधता, समता व समावेशनविषयक कार्यालये बंद झाली. जून २०२५ मध्ये टेनेसी राज्य आणि एका खासगी संघटनेने हिस्पॅनिक-सेवी संस्थांच्या अनुदान कार्यक्रमाला न्यायालयात आव्हान दिले. २५ टक्क्यांची अट हाच भेदभाव आहे, असा त्यांचा दावा होता. सरकारने या कार्यक्रमाचा बचाव करणार नसल्याचे कळवले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये शिक्षण विभागाने अल्पसंख्याक-सेवी संस्थांची सुमारे ३५ कोटी डॉलरची स्वेच्छाधीन अनुदाने थांबवण्याचे जाहीर केले. जून २०२५ मध्येच टेक्सासमध्ये वाढलेल्या, पण वैध कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांना २००१ च्या राज्य कायद्याने मिळणारी शुल्कसवलत न्यायालयाच्या आदेशाने संपुष्टात आली.

या घडामोडींतून धोरणाच्या अभ्यासकाला एक महत्त्वाचा भेद दिसतो. जे उपाय उत्पन्न, पहिल्या पिढीतील शिक्षण किंवा नवागताची गरज या निकषांवर आधारलेले होते, ते कायद्याच्या कसोटीवर टिकून राहिले. जे उपाय समाजाच्या ओळखीवर किंवा पटसंख्येच्या टक्केवारीवर आधारलेले होते, ते संकटात आले. याचा अर्थ दुसऱ्या प्रकारचे उपाय अनावश्यक होते, असा होत नाही. साधनहीन संस्थांना बळ देण्याचे काम त्यांनीच केले होते. ते बळ नाहीसे झाल्यास पहिल्या प्रकारचे उपाय चालवण्यासाठी लागणारे सल्लागार, शिकवणी केंद्रे आणि प्रयोगशाळा कोठून येणार, हा प्रश्न अनेक लहान संस्थांपुढे आज उभा आहे.

भारताच्या संदर्भात

भारतात सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यसंस्थेला संविधानानेच दिला आहे. चंपकम दोराईराजन खटल्याच्या निकालानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आले, तर २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) समाविष्ट झाले. कलम ४६ नुसार दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती व जमातींचे शैक्षणिक हितसंवर्धन हे राज्याचे कर्तव्य आहे. म्हणजे अमेरिकेत ज्या पायावरच वाद आहे, तो पाया आपल्याकडे भक्कम आहे.

प्रश्न आहे तो पायावरच्या इमारतीचा. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण नोंदणी सुमारे ४ कोटी ३३ लाख आणि १८ ते २३ वयोगटातील सकल नोंदणी गुणोत्तर २८.४ होते. अनुसूचित जातींसाठी ते २५.९ आणि अनुसूचित जमातींसाठी २१.२ होते. ही आकडेवारी प्रवेशाची आहे. प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी किती विद्यार्थी पदवीपर्यंत पोहोचले, हे या गुणोत्तरातून समजत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३५ पर्यंत हे गुणोत्तर ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साध्य करताना पूर्णतेचाही तितकाच विचार होणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात २०११ मध्ये स्थापन झालेले गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ किंवा जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांसाठीचे जळगावचे विद्यापीठ यांची स्थिती अनेक बाबतींत एल पासोशी मिळतीजुळती आहे. गोंडी, माडिया, भिली, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरांतून येणारा विद्यार्थी प्रमाण मराठी आणि इंग्रजी अशा दोन पायऱ्या एकाच वेळी चढत असतो. ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे शिक्षण हंगामागणिक खंडित होते. स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांना महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी आधार देणारा स्वतंत्र संघीय कार्यक्रम अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झाला. शिष्यवृत्ती वेळेवर मिळणे, पहिल्या वर्षासाठी नेमलेला सल्लागार, सहाध्यायींचे अध्ययनगट, आवारातच मानधनाचे काम, परिसरातील शाळांशी जिवंत संबंध आणि बोलीभाषेला अभ्यासात स्थान, या उपायांना फार मोठा निधी लागत नाही. मात्र त्यासाठी सातत्य लागते. शैक्षणिक श्रेयांक पेढीमुळे शिक्षणात खंड पडलेल्या विद्यार्थ्याला परतण्याची वाट उपलब्ध झाली आहे. त्या वाटेवर त्याला हात देणारी व्यवस्था विद्यापीठांनी उभी केली पाहिजे.

समारोप

एल पासोचा अनुभव हा निर्भेळ यशाचा नाही. तेथील पूर्णता दर अजून समाधानकारक नाही आणि संघीय आधार डळमळीत झाला आहे. तरीही विद्यार्थ्याच्या परिस्थितीला दोष न देता संस्थेनेच आपली घडी त्या परिस्थितीला अनुरूप बदलावी, हा विचार तेथे तीन दशकांहून अधिक काळ टिकून राहिला. प्रादेशिक विद्यापीठाचे मोल त्याने किती जणांना नाकारले यावरून ठरत नाही. ज्या परिसराने त्याला जन्म दिला, त्या परिसरातील मुलामुलींना ते किती पुढे घेऊन गेले, यावरून ते ठरवावे लागते.

अभ्यासासाठी प्रश्न

१) 'हिस्पॅनिक-सेवी संस्था' ही संकल्पना आणि भारतातील आरक्षण यांतील मूलभूत फरक स्पष्ट करा.

२) सकल नोंदणी गुणोत्तर हे उच्च शिक्षणातील समावेशनाचे पुरेसे निदर्शक आहे काय? सोदाहरण चर्चा करा.

३) उत्पन्नावर आधारित आणि सामाजिक ओळखीवर आधारित शैक्षणिक उपाय यांचे गुणदोष भारतीय संविधानाच्या कलम १५ व ४६ च्या संदर्भात तपासा.

४) पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांची गळती रोखण्यासाठी प्रादेशिक विद्यापीठांनी योजावयाचे उपाय सुचवा.